तक्रार 'निकाली' निघाली म्हणे! आयटीआयवर लक्ष ठेवणाऱ्यांवर लक्ष कोण ठेवणार?

लूजकनेक्शन
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. जरा लांबेल, सांभाळून घ्या. आणि आधीच सांगतो, संस्थेचं, ऑफिसचं, साहेबांचं कुणाचंच नाव लिहिणार नाही कारण भाचा अजून त्यांच्याच तावडीत आहे.

तर भाचा खाजगी आयटीआयला, ट्रेड इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा. पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि वर्गातल्या निम्म्या पोरांची हॉल तिकिटं आली, निम्म्यांची नाहीच. विचारलं की 'पोर्टलला प्रॉब्लेम आहे, होईल'. पंधरा दिवस नुसतं होईल होईल. शेवटी एका निदेशकांनीच (म्हणजे शिकवणाऱ्या सरांनीच) पोरांना हळूच सांगितलं की मान्यता एका युनिटला म्हणजे २० जणांनाच आहे, ॲडमिशन मात्र त्याच्या दुप्पट दिलीत, दुसऱ्या युनिटचं ॲफिलिएशन 'प्रोसेसमध्ये' आहे. म्हणजे पोरगं वर्षभर ज्या वर्गात बसलं तो वर्ग सरकारदरबारी नाहीच!

इथपर्यंत संस्थेचं पाप. माझं खरं दुखणं पुढे आहे. मी वर सरकारी ऑफिसकडे तक्रार केली, फीच्या पावत्या जोडल्या, वर्गाचे फोटो जोडले, आणि स्पष्ट लिहिलं की कृपया नाव गुप्त ठेवा. एकोणिसाव्या दिवशी मेसेज, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. म्हटलं वा, काय स्पीड! उघडून बघतो तर संस्थेच्याच लेटरहेडवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवलेला, 'सदर प्रशिक्षणार्थी अनियमित असून त्याच्या पालकांचा गैरसमज झाला आहे'. बास. ऑफिसचं स्वतःचं एक वाक्य नाही.

आणि त्याच्या दोन दिवस आधी प्राचार्यांनी भाच्याला केबिनमध्ये बोलावून घेतलेलं. टेबलावर माझ्या तक्रारीची प्रिंट, वर माझं नाव, पत्ता, मोबाईल नंबर सगळं. म्हणाले, 'मामांना बराच वेळ दिसतोय मोकळा.'

संस्था चोर निघाली तर ऑफिसकडे जायचं हे कळतं हो, पण ऑफिसच असं वागलं तर जायचं कुठं? कुणाला अनुभव आहे का?

निवृत्त_फिटर
लूजकनेक्शन, वाचून वाईट वाटलं पण आश्चर्य अजिबात वाटलं नाही. ३१ वर्षं निदेशक होतो, फिटर ट्रेड. आधी कोण काय करतं ते सांगतो कारण निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात पडतात.

आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. १९५६ ला एनसीव्हीटी म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद आली, लोक अजून 'एनसीव्हीटीचं सर्टिफिकेट' म्हणतात ते तिच्यामुळं. डिसेंबर २०१८ मध्ये एनसीव्हीईटी ही नवी नियामक परिषद अधिसूचित झाली, एनसीव्हीटी आणि एनएसडीए (राष्ट्रीय कौशल्य विकास एजन्सी) दोन्ही तिच्यात विलीन, आणि प्रत्यक्ष काम १ ऑगस्ट २०२० पासून. तिचं काम वरच्या पातळीवरचं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना आणि मूल्यमापन करणाऱ्या एजन्स्यांना मान्यता द्यायची, अभ्यासक्रम मंजूर करायचे. आयटीआयचं ॲफिलिएशन म्हणजे संलग्नता, परीक्षा, एनटीसी म्हणजे पास झाल्यावरचं सर्टिफिकेट, हे सगळं डीजीटीकडे, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडे. आणि ॲडमिशन, रोजची देखरेख, इन्स्पेक्शनला माणूस धाडणं हे राज्याच्या संचालनालयाकडे. आता कळलं ना तक्रार चेंडूसारखी का फिरते? तिघांकडंही 'हे आमच्या अखत्यारीत येत नाही' म्हणायची सोय आहे.

इन्स्पेक्शनचं तर बोलूच नका. एका ठिकाणी कमिटीबरोबर मी गेलो होतो, चार लेथ चकचकीत उभे. मी सवयीनं खाली वाकून बघितलं तर फाउंडेशन बोल्टच नाहीत, फरशीवर नुसत्या ठेवलेल्या मशिनी, आणि वायर बोर्डापर्यंत पोचतच नव्हती. मी म्हटलं साहेब हे भाड्यानं आणलंय. साहेब म्हणाले, 'यादीत चार लिहिलेत, इथं चार आहेत. तुम्ही आकडा मोजा.' मोजला. काय करणार.

उगाचच
पोराला चांगल्या सरकारी आयटीआयला घालायचं होतं मग. खाजगीत पैसे भरून ॲडमिशन घ्यायची आणि मग रडायचं 😂

सौ_सोल्डर
उगाचच, नाव सार्थ केलंत. सरकारीत इलेक्ट्रिशियनचं मेरिट किती वर जातं बघितलंय का कधी? जागा किती असतात आणि अर्ज किती येतात? उरलेली पोरं खाजगीतच जाणार, आणि खाजगीला मान्यता देणारं सरकारच आहे ना. पोरगं आणि त्याचे आईबाप दारावरची पाटी बघून आत जातात. पाटीवर लिहिलेलं खरं की खोटं हे बघायला पगारी माणसं नेमलेली आहेत, ते आईबापांचं काम नाही.

मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकला निदेशक आहे, संस्था नाही सांगणार. आमच्याकडे इन्स्पेक्शनची तारीख आम्हाला आठवडाभर आधी कळते. ती कळल्यावर स्टाफ रजिस्टरमध्ये जी नावं चढतात त्यातली दोन माणसं मी आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. एकदा हिंमत करून वर कळवलं होतं, लेखी नाही, फोनवर. पलीकडून पहिला प्रश्न 'मॅडम तुमचं नाव काय आणि कुठल्या संस्थेत आहात'. काय तक्रार आहे ते विचारलंच नाही. मी फोन ठेवून दिला. भित्री म्हणा हवं तर, पण घर त्या पगारावर चालतं.

निवृत्त_फिटर
ताई, भित्र्या कशाला म्हणू तुम्हाला, मी तर पेन्शन सुरू झाल्यावरच तोंड उघडलं 🙂

फाईलवाला
शिव्या खायच्या तयारीनंच लिहितोय. मी त्या टेबलाच्या पलीकडं बसलेला माणूस आहे, आता दुसऱ्या खात्यात. लूजकनेक्शनचं नाव फुटलं ते सरळसरळ चूक आहे, त्याला सबब नाही. पण 'निकाली' कसं निघतं ते ऐका.

केंद्राच्या सीपीग्राम या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार पडली की घड्याळ सुरू होतं. आधी ३० दिवस होते, ऑगस्ट २०२४ पासून २१ झाले. हेतू चांगलाच होता. पण होतं काय, दर महिन्याच्या बैठकीत साहेबांसमोर एकच तक्ता असतो, किती आल्या, किती बंद केल्या, किती पेंडिंग. बंद कशी केली हा कॉलम त्या तक्त्यात नसतोच. खरी चौकशी करायची तर माणूस पाठवा, गाडी मागा, कमिटी नेमा, अहवाल घ्या, २१ दिवसात ते होत नाही. मग सोपा रस्ता काय? पत्र संस्थेकडे 'अभिप्रायार्थ' पाठवायचं, संस्थेचं उत्तर आलं की तेच चिकटवायचं आणि बंद. तक्ता हिरवा. मीही केलंय हे, खोटं कशाला बोलू. वीस-पंचवीस तरी असतील.

दुसरं असं की संस्थेचं म्हणणं मागवावंच लागतं, ते आमचं लाडाकोडाचं नाही, नैसर्गिक न्यायाचं तत्त्व आहे. नोटीस न देता मान्यता काढली की संस्था थेट हायकोर्टात, अनुच्छेद २२६ खाली रिट, आणि स्टे मिळतो. मग तीच पोरं तिथंच बसतात आणि आम्ही वर्षभर शपथपत्रं लिहीत बसतो. त्यामुळं कारवाईचा कागद हळूच सरकतो.

लूजकनेक्शन
फाईलवालादादा, आधी तर प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून धन्यवाद, शिव्या वगैरे काही नाही. पण एक सांगा, म्हणणं मागवा ना, शंभरदा मागवा. त्याच्यासाठी माझा मोबाईल नंबर कशाला लागतो? आणि चोराचं म्हणणं आलं की तोच निकाल कसा होतो? मला एक फोन करून विचारलं असतं की बाबा संस्था असं असं म्हणतेय, तुझं काय, तर मी हजेरीचे फोटो पाठवले असते की, पोरगं एक दिवस चुकवत नाही, ताप असताना सुद्धा गेलेलं.

फाईलवाला
नंबर लागत नाही. पहिलं पान काढून पाठवायचं असतं. पूर्वी झेरॉक्स काढताना क्लार्क पान वगळायचा, आता पोर्टलवरून पीडीएफ डाउनलोड करून अख्खी फॉरवर्ड. निम्म्या वेळा आळस, निम्म्या वेळा… जाऊ दे.

संस्थाचालक_एक
आता जरा दुसरी बाजू. मी छोटी आयटीआय चालवतो, तीन ट्रेड, कर्ज काढून उभी केलेली. इथं सगळे खाजगी चोर असं चाललंय म्हणून लिहितोय.

माझ्याकडे वर्कशॉप नियमाप्रमाणे, विजेचा लोड मंजूर, निदेशक सीआयटीएस (निदेशकांचं प्रशिक्षण) झालेले, पगार बँकेतून. तरी दरवेळी नवीन काहीतरी निघतं. एक वर्ष फोटो अक्षांश-रेखांशासकट द्या, दिले. पुढच्या वर्षी तेच फोटो वेगळ्या फॉर्मॅटमध्ये नव्या पोर्टलवर द्या. जुन्या पोर्टलवरचा डेटा नव्यावर गेला तेव्हा माझ्या आठ पोरांच्या जन्मतारखा बदलल्या. आता दुरुस्त कोण करणार? राज्य म्हणतं केंद्र, केंद्र म्हणतं हेल्पडेस्क, हेल्पडेस्क म्हणतं राज्याकडून लॉगिनमधून पाठवा. पोरं माझ्या दारात येऊन बसली, त्यांना मी चोर वाटलो. बरोबरच आहे, त्यांना समोर मीच दिसतो ना.

सेमिस्टरचं आठवतंय का कुणाला? २०१३ ला सेमिस्टर आणलं, २०१८ ला पुन्हा वार्षिक केलं. मधल्या बॅकलॉगवाल्या पोरांना कुठल्या पॅटर्नची परीक्षा, कधी, हे विचारायला मी किती चकरा मारल्या ते माझं मला माहीत. आणि कारणे दाखवा नोटीस मात्र कशी येते, शुक्रवारी संध्याकाळी मेल, सात दिवसांत उत्तर द्या नाहीतर युनिट बंद. मी उत्तर दिलं की त्यांच्याकडून पोच यायला चार महिने.

आणि ज्याच्याकडे लेथला बोल्ट नाहीत त्याचं युनिट चालूच. का ते मला विचारू नका.

सौ_सोल्डर
तुमचं सगळं मान्य दादा. फक्त एक विचारते, राग मानू नका. निदेशकांना पगार बँकेतून देता, मग त्यातला काही भाग परत रोखीनं घेता का? आमच्याकडे घेतात म्हणून विचारलं.

संस्थाचालक_एक
नाही घेत. पण असं चालतं हे ऐकून आहे. आणि हे तपासायला इन्स्पेक्शनचा माणूस निदेशकाशी एकट्याशी पाच मिनिटं बोलला तरी पुरे, तेवढं सुद्धा कुणी करत नाही. येतात, फाईल बघतात, सही करतात.

निवृत्त_फिटर
हे नवीन नाही मंडळी. २०१८ साली संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीचा आयटीआयवरचा अहवाल आला होता, किरीट सोमय्या अध्यक्ष होते तेव्हा. त्यातला एक हिशोब माझ्या डोक्यात बसलाय, पहिल्या १,८९६ सरकारी आयटीआय उभ्या राहायला ५० वर्षांहून जास्त लागली, आणि २००७ नंतरच्या दहा वर्षांत ९,००० च्या वर खाजगी संस्थांना मान्यता मिळाली. समितीनं लिहिलेलं की हा काही कार्यक्षमतेचा परिणाम नाही, निकष धाब्यावर बसवल्याचा आहे. मूल्यांकनाचं काम तेव्हा क्यूसीआयकडे (भारतीय गुणवत्ता परिषदेकडे) दिलेलं होतं, तिच्यावरही ताशेरे होते.

आता एवढं सगळं संसदेच्या कागदावर आलं. पुढं? ज्या संस्थांना तशी मान्यता मिळाली त्यांची मान्यता कुणी नीट उलटून तपासली का? चुकीच्या मान्यतेवर सही करणाऱ्याला कुणी विचारलं का? पोरगं परीक्षेला ८० टक्के हजेरी भरली नाही तर बसू शकत नाही. सही करणाऱ्याला असली काही अट असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दक्षिणगोलार्ध
इकडे ऑस्ट्रेलियात राहते, या क्षेत्रात थोडंफार काम केलंय म्हणून लिहिते. इथं व्यवसाय प्रशिक्षणाचा एक राष्ट्रीय नियामक आहे, आस्क्वा म्हणतात बोलताना, २०११ मध्ये सुरू झाला. त्याच्याबद्दलही संस्थाचालकांची ओरड तीच होती की नुसते कागद तपासतात, छोट्या चुकीला मोठी शिक्षा. मग २०१८ मध्ये व्हॅलरी ब्रेथवेट यांनी कायद्याचा आढावा घेतला, २०२० मध्ये खुद्द नियामकाच्या कारभाराचा आढावा झाला आणि काम करायची पद्धत बदलायला सांगितली गेली. नियामकाच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर ती कॉमनवेल्थ ओम्बुड्समनकडे, म्हणजे लोकपालासारख्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे करता येते, म्हणजे त्याच ऑफिसात परत जात नाही.

पण फार हुरळून जाऊ नका. २०२४ च्या अखेरीपासून इथं बंद केलेल्या काही संस्थांनी दिलेली हजारो सर्टिफिकेटं रद्द झाली. त्यात पैसे देऊन कागद घेतलेले होते तसेच खरंच शिकलेलेही असणार. आता ज्याचं रद्द झालं त्यानंच सिद्ध करायचं की मी शिकलोय. संस्था दिवाळखोर, मालक गायब आणि नियामक म्हणतो आम्ही कडक कारवाई केली.

फाईलवाला
हेच तर भय असतं. इथं युनिट रद्द केलं की दुसऱ्या दिवशी दारात चाळीस पोरं आणि त्यांच्या आया. मी एका आईला काय उत्तर दिलं होतं ते अजून आठवतं. 'बाई, संस्थेला विचारा.'

कागदीघोडा
भावनिक झालंय सगळं, आता जरा कामाचं. लूजकनेक्शन, नीट वाच.

१) निकाली निघालेल्या तक्रारीवर फीडबॅक 'असमाधानी' दे आणि ३० दिवसांत तिथल्या तिथे अपील टाक. बहुतेक लोक चिडून पोर्टल बंद करतात आणि ही मुदत घालवतात. अपील वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. अपिलात संस्थेबद्दल कमी लिही, ऑफिसबद्दल लिही: माझं नाव उघड केलं, चौकशी केली नाही, संस्थेचं उत्तर हाच निकाल म्हणून दिला. तीन वाक्यं.

२) लगेच माहिती अधिकार टाक. दहा रुपये. केंद्राच्या कार्यालयाकडे असेल तर ५०० शब्दांपर्यंत चालतं, महाराष्ट्राच्या कार्यालयाकडे असेल तर १५० शब्द आणि एकच विषय, त्यामुळं दोन वेगळे अर्ज कर. 'चौकशी का केली नाही' असं विचारू नकोस, 'का' ला उत्तर मिळत नाही. कागद माग. माझ्या तक्रारीच्या फाईलवरच्या सगळ्या टिपण्यांची प्रत, संस्थेला पाठवलेल्या पत्राची जोडपत्रांसह प्रत, संस्थेच्या मंजूर युनिट्सचा आदेश, शेवटच्या इन्स्पेक्शनचा अहवाल.

३) 'खाजगी संस्थेची माहिती देता येत नाही' म्हणाले तर कलम २(च) दाखव, इंग्रजीत २ एफ. कायद्यानं जी माहिती खाजगी संस्थेकडून सरकारी कार्यालय घेऊ शकतं ती माहितीच्या व्याख्येत येते. 'चौकशी सुरू आहे' म्हणून ८(१)(ज) म्हणजे एच लावलं तर हा निकाल दाखव: भगतसिंग विरुद्ध केंद्रीय माहिती आयोग, दिल्ली हायकोर्ट, २००७. नुसती चौकशी चालू असणं हे कारण होत नाही, माहिती दिल्यानं चौकशीत अडथळा कसा येतो ते त्यांनी दाखवायला पाहिजे.

४) ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. फाईल प्रत्यक्ष बघायला माग, पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत. फाईल उघडून समोर बसलास की अर्धं ऑफिस उभं राहतं, हा अनुभव आहे 😄

आणि पोराची परीक्षा हा वेगळा मुद्दा ठेव, त्याला वाट बघता येत नाही. त्याच्यासाठी सगळ्या वंचित पोरांच्या सह्यांचं एक पत्र राज्याच्या संचालकांना, प्रत डीजीटीला, हातोहात देऊन पोच घे. एकट्याचं पत्र 'पालकांचा गैरसमज' होतं, वीस जणांचं होत नाही.

उगाचच
ते भगतसिंगचं माहीत नव्हतं. सेव्ह केलं. (आणि वरच्या कमेंटबद्दल सॉरी.)

लूजकनेक्शन
कागदीघोडा, तुमचे पाय कुठं आहेत ते सांगा! आजच लागतो कामाला. वीसपैकी चौदा पोरांचे पालक सह्या करायला तयार आहेत, सहा जण घाबरलेत.

धागाचालक
दोघांचे प्रतिसाद काढलेत, संस्थेचं आणि अधिकाऱ्याचं नाव होतं. कृपया नावं नकोत.

लूजकनेक्शन
मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. धागा खाली गेला होता, शोधून वर काढला.

सह्यांच्या पत्राचा उपयोग झाला. पोच घेतली, आठ दिवसांत संचालनालयातून माणूस आला, न सांगता आला. दुसरं युनिट मंजूर नाही हे त्यानं लेखी दिलं. पोरांना दुसऱ्या संस्थांमधल्या रिकाम्या जागांवर सामावून घ्यायचं चाललंय, पण पहिलं वर्ष पुन्हा. भाचा म्हणतो करीन. वायरिंगचं सगळं येतं त्याला, पुन्हा पहिल्यापासून स्विच जोडायला शिकायचं म्हणून हसतो. मला नाही हसू येत. फी परत मागायला वेगळं भांडण चालू आहे, आणि संस्थेची पाटी अजून जिथल्या तिथं आहे.

माहिती अधिकाराचं उत्तर २९ व्या दिवशी आलं, अर्धवट. मी फाईल बघायला मागितली आणि काल जाऊन बसलो. संस्थेला गेलेल्या पत्राला माझी तक्रार पूर्ण जोडलेली, पहिल्या पानासकट. पण खरी गंमत टिपणीत आहे. लिहिलंय, 'तक्रारदाराशी दूरध्वनीवरून संपर्क साधला असता त्यांनी समाधान व्यक्त केले, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यास हरकत नाही.' म्हणजे फाईल बंद. मला कुणाचाही फोन आलेला नाही. बाजूला समासात पेनानं एक मोबाईल नंबर लिहिलाय. तो माझा नाही.

फाईलवाला
कुणाचा आहे?

लूजकनेक्शन
बाहेर येऊन लावून बघितला. प्राचार्यांनी उचलला.

कागदीघोडा
त्या पानाची प्रमाणित प्रत घेतलीस का?? शिक्का असलेली?

लूजकनेक्शन
घेतली. दोन काढल्या.